ऑगस्टचे तीन आठवडे

डॉक्टर प्रोकिच कुणाला जेवायला बोलावतो तेव्हा समजावं, त्याला काहीतरी स्वस्तात हवंय. सर्बियातल्या निश शहराच्या सरकारी इस्पितळात अठरा वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून नेवेन्काने त्याच्या हातात कात्र्या-चिमटे दिले होते, तेव्हा हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ती गेली. त्याने सहा वर्षांपूर्वी बान्या गावाच्या रस्त्यावर स्वतःचं क्लिनिक उघडलं होतं, आता त्याला ऑपरेशन थिएटरसाठी मुख्य नर्स हवी होती, आणि शहरातल्या निम्म्या नर्सा जर्मन शिकून केव्हाच तिकडे निघून गेल्या होत्या. उरलेल्यांत नेवेन्काच्या तोडीची एकही नव्हती. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. म्हणून या खेपेस भीड बाजूला ठेवायची आणि आपला भाव आपण सांगायचा, असं तिने बसमध्ये स्वतःला चांगलं दहादा बजावलं होतं.

काफानात, म्हणजे तिथल्या खानावळीत, शिरल्या शिरल्या त्याने भाजलेलं कोकरू मागवलं, दोघांसाठी. शुक्रवार होता आणि ती शुक्रवार पाळायची, त्या दिवशी मांस खात नसे. अठरा वर्षांत हे त्याच्या कानावर गेलं नव्हतं असं नाही, पण विचारतो कोण. तिने पाव आणि मिरच्यांची कोशिंबीर पुढे ओढली. तो शिकारीबद्दल बोलला, फ्लॅटच्या किमतींबद्दल बोलला, थोरल्याच्या टेनिसबद्दल बोलला, आणि बोलता बोलता हाताने हाडं सोलत राहिला. हीच बोटं थिएटरमध्ये पाहिली की नेवेन्काला अजूनही मान द्यावासा वाटे. इथे ती मनगटापर्यंत चरबीने चकाकत होती आणि तो ती एकेक करून चोखत होता. तिने नजर खिडकीकडे वळवली.

"सव्वा लाख दिनार," शेवटी तो म्हणाला. "सरकार देतं त्याच्या दीडपट. आता बोल."

"सगळे कागदावर?"

तो हसला. कागदावर किमान वेतन, उरलेले दर महिन्याला पाकिटात, हातात, असंच सगळीकडे चालतं, कर भरून सरकारच्या घशात कशाला घालायचे, वगैरे वगैरे. नेवेन्काने विचारलं, उद्या मी आजारी पडले तर पगार कशावर मिळेल? म्हातारपणी पेन्शन कशावर बसेल, पाकिटावर? त्यावर त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हातारपणाच्या गोष्टी काय करतेस, तू अजून पोरगी आहेस, असं म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांच्या पोरगीने टेबलाखाली रुमालाने हात पुसला. वास मात्र गेला नाही.

मग तिने सुट्टीचा विषय काढला. सुट्टी घे की, तो उदारपणे म्हणाला, काम कमी असेल तेव्हा घे, माझी ना नाही.

"मला ऑगस्टमध्ये हवी आहे. सलग तीन आठवडे."

त्याचं चावणं थांबलं. ऑगस्ट म्हणजे क्लिनिकची सुगी. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये राबणारी आपली माणसं ऑगस्टात घरी येतात ती खिशात युरो आणि पोटात वर्षभर सांभाळलेले खडे घेऊन. कुणाला हर्निया, कुणाच्या पायाच्या शिरा, कुणाच्या बायकोला नाक सरळ करून हवं असतं. तिकडे रांगा लागतात किंवा दर परवडत नाहीत, म्हणून सगळं इकडे, त्याच तीन-चार आठवड्यांत.

"ऑगस्टमध्ये माझा बाप पुन्हा मेला तरी मी त्याला पुरायला जाणार नाही," तो म्हणाला. "सप्टेंबर घे. सप्टेंबरात हवा छान असते."

सप्टेंबरच्या हवेचं तिला काय करायचं होतं? तिचा नवरा तिहोमिर ऑस्ट्रियात लिंत्सला बांधकामावर होता, अकरा वर्षं झाली, आणि त्याची कंपनी वर्षातून एकदाच बंद असे, ऑगस्टचे तीन आठवडे. तो यायचा तेव्हा इस्पितळात कुणीतरी नर्स आजारी पडलेली असायची, कुणीतरी बाळंत झालेली असायची, आणि नेवेन्काची सुट्टी तुकडे तुकडे होऊन जायची. तो स्वयंपाकघरात बसून नळ दुरुस्त करायचा, ती रात्रपाळी करून यायची आणि औषधांच्या वासासकट पलंगावर पडायची. त्याच्या पैशांतून बांधलेल्या घराचा वरचा मजला अजून रिकामाच होता, तिथे राहायला कुणी नव्हतं. गेल्या वर्षी निघताना तो न चिडता म्हणाला होता, मी पाहुण्यासारखा येतो आणि घरात यजमानच नसतो, मग मी येतो कशाला? बंदच्या काळात थांबणाऱ्यांना कंपनी दुप्पट मजुरी देते, यंदा थांबावं म्हणतो. चिडला असता तर बरं झालं असतं. नेवेन्काला भीती बसली होती की यंदाचा ऑगस्ट हातचा गेला तर हा माणूस यायचाच थांबेल, आणि दोघांपैकी कुणालाच ते नेमकं कधी घडलं हे कळणार नाही.

म्हणून तिने पावाचा तुकडा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. पगार सगळा कागदावर, ऑगस्टचे तीन आठवडे करारात लिहून, नाहीतर मी आहे तिथे बरी आहे. प्रोकिचने तोंड पुसलं, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बदललीस तू, नेवेन्का." विचार करून कळवतो, असंही म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. तुझं सगळं मान्य, राजीनामा टाक आणि लवकर ये, थिएटर तुझी वाट बघतंय. एवढ्या सहज? असं तिच्या मनात आलं खरं, पण माणसाला जे ऐकायचं असतं त्याची तो फार उलटतपासणी करत नाही. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. संध्याकाळी लिंत्सला फोन केला. तिहोमिरला तीन आठवड्यांची बातमी सांगितली.

"सलग?" त्याने विचारलं.

"सलग."

मग त्याने ग्रीसला गाडीने किती तास लागतात, खोली आत्ताच सांगून ठेवावी का, तुझ्याकडे पोहण्याचे कपडे आहेत का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. इतकं तो वर्षाकाठीही बोलत नसे. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसली.

रविवारी दुपारी प्रोकिचची गाडी दारात थांबली. तो उतरला, त्याची दुसरी बायको यास्ना उतरली आणि मागून त्यांची धाकटी, चार वर्षांची दुन्या, पांढऱ्या मोज्यांत. प्रोकिचच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला नक्षीचा पाव होता, बगलेत फळांच्या दारूची, राकियाची बाटली. नेवेन्काची सासू स्ताना खिडकीत बसली होती. तिने तो पाव पाहिला, आणि काय समजायचं ते समजून ती घाईघाईने ओढणी बदलायला आत गेली.

तो उंबऱ्याशी उभा राहिला, डोकं किंचित झुकवून, चर्चमध्ये राहावं तसा.

"वर देव, खाली कूम," तो म्हणाला. "दुन्याचा बाप्तिस्मा करायचा आहे. नेवेन्का, तू तिची कुमा हो."

आता यावर बोलायचं काय? लेकराला वेदीपुढे धरायचं, त्याच्या वतीने देवाला जबाब द्यायचा, आणि जन्मभर त्याची पाठराखण करायची, ते कूमपण; बाई असली तर कुमा. रक्ताच्या नात्यापेक्षा मोठं. कूम होतोस का म्हणून कुणी दारात पाव घेऊन उभा राहिला की नाही म्हणायचं नसतं. वैरी आला तरी नाही. सर्बियात माणसं एकमेकांची जमीन लाटतात, भावाला कोर्टात खेचतात, पण कूमपण नाकारलं असं कुणाच्या घराण्याबद्दल सांगितलं जात नाही.

नेवेन्काने प्रोकिचकडे पाहिलं. त्याचे डोळे शांत होते, पोट फाडायच्या आधी असतात तसे. मग तिने पोरीकडे पाहिलं. चार वर्षांची झाली, अजून बाप्तिस्मा नाही. याच्या थोरल्यांचे तर पहिल्याच वर्षी झाले होते, ती स्वतः जेवायला गेली होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. माणूस रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा भाव येईपर्यंत पडीक ठेवतो, तशी याने पोर राखून ठेवली होती. देवाच्या नावाची पोर, आणि ती याने खर्चायला जपली होती.

"होते," ती म्हणाली. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतंच.

स्तानाने पावाचं चुंबन घेतलं आणि डोळे टिपले. राकिया झाली, कॉफी झाली. प्रोकिचने त्याच बैठकीत तिला नावाने हाक मारणं सोडलं, कुमा इकडे, कुमा तिकडे सुरू केलं आणि तिच्या दोन्ही गालांवर मिळून तीनदा ओठ टेकवले. ती मंडळी गेल्यावर नेवेन्काने तोंड धुतलं.

"एवढ्या मोठ्या डॉक्टरचं घर आपल्याला जोडलं गेलं, सूनबाई, आणि तुझं तोंड असं काय?" स्ताना म्हणाली.

"त्याने मला विकत घेतलं, आई. तेही दमडी न मोजता."

"कूमपणाबद्दल असं बोलू नये. जीभ झडेल."

सोमवारी क्लिनिकमध्ये प्रोकिचने करार तिच्यापुढे सरकवला. पगार, किमान वेतन. सुट्टी, कामाच्या सोयीनुसार. नेवेन्काने दोनदा वाचलं. फोनवर तुम्ही सगळं मान्य केलं होतं, तिने आठवण करून दिली.

"तेव्हा तू परकी होतीस," तो अगदी मायेने म्हणाला. "परक्याशी माणूस घासाघीस करतो. कुमेशी? लोक हसतील मला. पाकीट तुला वेळेवर मिळेल, ऑगस्टचं ऑगस्टमध्ये बघू. मी काय तुला उपाशी ठेवणार आहे?"

तोंडात साखर घोळवत गळा कापतात ते असं. तिला त्याच्या टेबलावरचं टाके घालायच्या हत्यारांचं ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पण राजीनामा मंजूर झाला होता, तिच्या जागेवर वॉर्डातली दुसरी बदलून आली होती आणि सरकारी दार एकदा लागलं की पुन्हा उघडत नाही. दगडाखाली हात सापडला होता. आधी बाप्तिस्मा होऊ दे, मग सही करते, एवढंच बोलून तिने करार पिशवीत घातला. त्याला यात काही खटकलं नाही. मासा जाळ्यात आला की कोळी त्याच्या नाराजीची पर्वा करत नाही.

मागच्या पायऱ्यांवर भूल देणारा डॉक्टर गोइको सिगारेट ओढत बसला होता. तो इस्पितळातूनच इकडे आलेला, तिचा जुना ओळखीचा.

"तुझ्या वाट्याला दुन्या आली म्हणे," तो म्हणाला.

"वाट्याला म्हणजे?"

"मला थोरला आला होता, स्तेफान, तू जेवायला होतीसच. नगरपालिकेत बांधकामाचे परवाने देणारा साहेब आहे ना, त्याला मधला. एकच शिल्लक होती." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सहा वर्षांत त्याने पगारवाढ एकदाच मागितली होती. प्रोकिच म्हणाला, कूम, तू माझ्याकडे पैसे मागतोस? "आणि मीच शरमलो, नेवेन्का. त्याने नाही, मी मान खाली घातली. भीड भिकेची बहीण, दुसरं काय. पुढच्या महिन्यात स्लोव्हेनियाला चाललोय. अजून कुणाला सांगितलं नाही."

"स्तेफानलाही नाही?"

गोइकोने सिगारेट पायरीवर विझवली आणि कुठल्या तोंडाने सांगू, असं पुटपुटला. नेवेन्काला त्याची कीव यायला हवी होती, पण आधी आला तो राग. निर्लज्ज माणसासमोर लाजणाऱ्यांचाच तिला त्या दिवशी राग आला, आणि त्यात ती स्वतःही होती.

बाप्तिस्मा शनिवारी झाला. कुमेने आणायचं ते सगळं नेवेन्काने आणलं, पांढरं कापड, मेणबत्ती, सोन्याचा लहानसा क्रूस आणि साखळी, तिच्या साठवणीतल्या पैशांतून. दुन्याने चर्चच्या दारातच तिचं बोट धरलं ते सोडलं नाही. पाद्री म्हातारा होता, पण सगळं नीट करणारा. त्याने दोघींना पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं, कारण सैतान त्या बाजूला असतो, आणि विचारलं, त्याला सोडलंस? लेकराच्या वतीने कुमा बोलते. सोडला, नेवेन्का तीनदा म्हणाली. मग थुंक त्याच्यावर, पाद्री म्हणाला. या जागी लोक नुसतं थू केल्यासारखं करतात. नेवेन्का मान वर करून पाहते तो पश्चिमेच्या दारात, मोबाईल समोर धरून, प्रोकिच स्वतः उभा होता. ती मनापासून थुंकली. पाद्र्याने चष्म्यावरून एकवार तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाचायला घेतलं.

पण पाणी डोक्यावर पडल्यावर पोर दचकली, थरथरली आणि सरळ नेवेन्काच्या गळ्यात पडली. ओले केस तिच्या गालाला चिकटले, छातीशी ते एवढंसं हृदय धडधडत होतं. नेवेन्काने तिला कापडात गुंडाळलं आणि घट्ट धरलं. बापाबद्दलची सगळी किळस बाजूला राहिली आणि ही माझी आहे, असं तिला खरोखर वाटलं. तिने हे कुणाला सांगितलं नाही.

जेवण प्रोकिचच्या नव्या बंगल्याच्या अंगणात होतं. सळईवर डुक्कर फिरत होतं, वाजवणारे बोलावले होते. टेबलाच्या टोकाला पाद्री, त्याच्या उजव्या हाताला मानाच्या जागी कुमा, पलीकडे स्ताना, मग नगरपालिकेचा साहेब, बँकेचा माणूस आणि असेच प्रोकिचच्या उपयोगाचे तीसएक लोक. गोइको पार दुसऱ्या टोकाला कुठेतरी बसला होता. स्तेफान दोनदा त्याच्याजवळ येऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा गोइको त्याच्या केसांतून हात फिरवून दुसरीकडे बघू लागला. चौथ्या राकियानंतर प्रोकिच उठला. त्याला भाषण आवडायचं. शर्टाच्या पोटावर रश्शाचा डाग, कपाळाला घाम, आणि डोळ्यांत पाणी. पाणी खरं असावं, आणि तेच नेवेन्काला जास्त घाण वाटलं.

"आपल्या बापजाद्यांनी सांगितलंय, कुमाचा शब्द खाली पडत नाही," तो म्हणाला. "आजपासून या घरात देवानंतर कुमा. माग, कुमा. सगळ्यांदेखत सांगतो, काय हवं ते माग."

लोकांनी पेले वर केले. अशा वेळी काय म्हणायचं हे ठरलेलं असतं. लेकराला आयुष्य द्या, घराला बरकत द्या, मला आणखी काही नको, असं म्हणायचं, की टाळ्या पडतात आणि डुक्कर कापतात. नेवेन्का तेच म्हणायला उभी राहिली होती. तोंड उघडेपर्यंत तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण समोर तो उभा होता, पुढचं सगळं आधीच ऐकून घेतल्यासारखा हसत, आणि तिला ते हसू सोसवेना.

"दोन गोष्टी मागते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझा सगळा पगार कागदावर. आणि ऑगस्टचे तीन आठवडे सलग, दरवर्षी. करार माझ्या पिशवीत आहे."

वाजवणाऱ्यांपैकी एकाचं वाजवणं जरा उशिरा थांबलं.

प्रोकिच मोठ्याने हसला आणि कुमा थट्टा करतेय, असं पाहुण्यांना सांगू लागला. कुणी हसलं नाही. नगरपालिकेचा साहेब ताटात बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. तेव्हा स्ताना काठीवर जोर देऊन अर्धवट उठली. सुनेने चालवलेलं हे तिला मुळीच रुचलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण रीत ती रीत.

"कुमेला भरल्या ताटावर नाही म्हणणारा माणूस मी या वयापर्यंत पाहिला नाही," ती म्हणाली. "तू पहिला होणार का, डॉक्टर?"

पाद्र्याने मिशा पुसल्या, झग्याच्या खिशातून पेन काढलं आणि काही न बोलता ताटांच्या मधे ठेवलं. तीस माणसं बघत होती. जी रीत त्याने पावात गुंडाळून तिच्या दारात नेली होती तिला दुसरंही टोक आहे, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. नेवेन्काने करार उलगडला. त्याने पगाराचा आकडा खोडून नवा लिहिला, ऑगस्टचं वाक्य समासात लिहिलं, दोन्हींखाली सही केली. अक्षर एरवीपेक्षा वाईट आलं. हसू मात्र त्याने चेहऱ्यावरून हलू दिलं नाही. कागद परत देताना तो वाकला आणि तिच्या कानाशी बोलला.

"लेकराच्या सणाला हे केलंस तू."

"तुम्हीही," नेवेन्का म्हणाली.

टाळ्या पडल्या. डुक्कर कापलं, वाजवणाऱ्यांनी पुन्हा सुरू केलं. साहेब तिच्या मागून जाताना खांद्याशी वाकून, मलाही शिकवा हो, असं म्हणाला आणि डोळा मिचकावला. गोइको लांबून तिच्याकडे बघत होता. त्याला आनंद झाला होता की हेवा वाटत होता, ते कळत नव्हतं. तिच्या ताटात मानाचा तुकडा आला, कानाजवळचा, कातडी फुगून तडकलेली, त्यावर एकदोन केस तसेच राहिलेले. तिला तो खाववेना. जिंकल्यावर माणसाला हलकं वाटतं असं तिने ऐकलं होतं. तिला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी घाणेरड्या हाताला हात लावलाय आणि आता तो धुवायला पाणी कुठे मिळेल. तरी तिने टेबलाखाली तिहोमिरला संदेश पाठवला, खोली सांगून ठेव म्हणून. त्याचं उत्तर लगेच आलं. समुद्राचा फोटो होता, कुठूनतरी शोधून काढलेला.

दुन्या कपडे बदलून आली. गळ्यात नवा क्रूस होता, केस अजून दमट होते. ती न विचारता नेवेन्काच्या मांडीवर चढून बसली आणि टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागली.

"बाबा रागावलेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "स्तेफानचा कूम बाबांकडे येतो. स्तेफानकडे येतच नाही. तू कुणाची कुमा आहेस? माझी की बाबांची?"

"तुझी," नेवेन्का म्हणाली, जरा जास्तच घाईने.

पोरीने ते तपासून पाहिल्यासारखं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. "मग माझ्या वाढदिवसाला येशील? मी पाच वर्षांची होणार. पंधरा ऑगस्टला."

नेवेन्काने विचार केला नाही. विचार करायची गरजच पडली नाही, उत्तर जिभेवर तयार होतं.

"ऑगस्टमध्ये नाही जमणार, राणी," ती म्हणाली. "सप्टेंबरात येते. सप्टेंबरात हवा छान असते."

शब्द बाहेर पडल्यावर ते कुणाचे आहेत हे तिला ऐकू आलं. टेबलाच्या पलीकडे तो बोटं चोखत बसला होता.

दुन्या रडली नाही. तिने मान हलवली, मोठी माणसं काय सांगतात याची सवय असलेल्या मुलासारखी, आणि मांडीवरून खाली उतरून भावाजवळ गेली. नेवेन्काला स्वतःची शिसारी आली. आत्ता उठावं, तिला हाक मारावी, येते म्हणावं, एक दिवस तरी येते म्हणावं. तिला हे सगळं कळत होतं. कराराची पिशवी मात्र तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि पाहुणे उठेपर्यंत ती तशीच धरून बसली.